अंगठा उमटण्याआधी

पुण्यात जून उजाडला की माझ्या फोनला उसंत राहत नाही. नोकरीचं पहिलं पत्र हातात पडलेले, कॉलेजला प्रवेश मिळालेले, बदली होऊन आलेले, सगळ्यांना एकाच वेळी घर हवं असतं. वाकड, हिंजवडी, बाणेर, खराडी, कर्वेनगर, आंबेगाव. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यापासून रात्री उशिरापर्यंत माझी स्कूटर याच रस्त्यांवर असते. डिकीत लॅपटॉप, वेबकॅम आणि बोटांचे ठसे घेणारं छोटं यंत्र. मी भाडेकराराची घरपोच ऑनलाइन नोंदणी करून देते. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार टेबलाभोवती बसतात. मी प्रत्येकाचा फोटो घेते, ठसा घेते, आणि तो आधारशी जुळला की दस्त दुय्यम निबंधकांकडे जातो. लोक या सगळ्याला नुसतं ‘थंब’ म्हणतात. “ताई, आज थंब होऊन जाईल ना?”

या कामामुळे भाड्याच्या व्यवहाराचा शेवटचा अर्धा तास मला रोज बघायला मिळतो. तोवर घर पसंत पडलेलं असतं, टोकन गेलेलं असतं, पुष्कळदा सगळं डिपॉझिटही गेलेलं असतं, आणि टेम्पोवाल्याला रविवारची वेळ दिलेली असते. नेमका तेव्हा करार पहिल्यांदा समोर येतो. मुलं मोबाइलवर पीडीएफ वरपासून खालपर्यंत सरकवतात, आपलं नाव आणि भाड्याचा आकडा बरोबर आहे एवढं बघतात आणि अंगठा पुढे करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी नावं जुळवायची, मग मसुदा वाचायचा, मग अंगठा द्यायचा आणि मोठी रक्कम त्यानंतर द्यायची. तीही ज्याचा अंगठा उमटला त्याच्याच खात्यात.

एक गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. सरकारी नोंदणी होतेय म्हणजे सरकारने मालकी तपासली असणार, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. समोर बसलेला माणूस आधार कार्डावरचाच आहे, एवढंच माझं यंत्र सांगतं. तो या फ्लॅटचा मालक आहे का, हे त्या यंत्राला कळत नाही. भाड्याचा दस्त नोंदवताना निबंधक कार्यालयही घराच्या मालकीची चौकशी करत बसत नाही. पत्ता आणि मालक म्हणून जे नाव भरलं जाईल ते दस्तात उतरतं. माणूस खरा आणि घर भलत्याचंच, असाही करार नोंदला जाऊ शकतो. घराची खात्री घेणाऱ्यानेच करून घ्यायची असते.

वाकडमधला एक वन बीएचके मला या बाबतीत कायमचा लक्षात राहिला आहे. मुलगी उदगीरची, हिंजवडीत पहिलीच नोकरी. वडील शाळेत शिक्षक, तिला सोडायला रात्रभर एसटीने आलेले. ज्याने घर दाखवलं तो पस्तिशीतला गृहस्थ बोलायला अदबशीर होता. आम्ही पोचलो तर त्याने चहा सांगून ठेवलेला. मी लॅपटॉप उघडला आणि नेहमीप्रमाणे लाइट बिल मागितलं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. बिलावर एका बाईंचं नाव, आडनावही वेगळं. “सासूबाईंचं आहे. घर त्यांच्या नावावर, बघतो सगळं मीच,” तो म्हणाला. असं असू शकतं. पुण्यात अशी कितीतरी घरं आहेत. पण मग करार सासूबाईंच्या नावाने व्हायला हवा, नाहीतर त्यांनी जावयाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र हवं. ते गावी राहिलं, असं उत्तर आलं. “तुम्ही माझ्याच नावाने करून टाका मॅडम, मुलीला उद्या ऑफिस आहे.”

गुरुजी तोवर गप्प होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. टोकनचे वीस हजार मुलीने ज्या खात्यात पाठवले होते, त्याचा तपशील त्यांनी घरून निघतानाच तिच्याकडून लिहून घेतला होता. ते नाव तिसरंच होतं. बिलावरच्या बाईंशी त्याचा मेळ नव्हता आणि समोर बसलेल्या माणसाशीही नव्हता. “हे कोण?” त्यांनी विचारलं. “मित्र आहे. त्या दिवशी माझ्या यूपीआयला लिमिट आलं होतं.” गुरुजी “जरा खाली जाऊन येतो” म्हणाले आणि सोसायटीच्या ऑफिसात गेले. वर आले ते सेक्रेटरींना घेऊनच. तो माणूस मालक नव्हता आणि मालकीणबाईंचा जावईही नव्हता. तो स्वतःच तिथे भाड्याने राहत होता आणि त्याचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. सेक्रेटरींनी मालकीणबाईंना फोन लावला. त्यांना घर पुन्हा भाड्याने द्यायचंच नव्हतं, मुलगा राहायला येणार होता.

वीस हजार त्याच रात्री परत मिळाले, कारण माणूस हाताशी सापडला होता, सोसायटीची चार माणसं उभी होती आणि पोलीस चौकी जवळ होती. पंचाहत्तर हजारांचं डिपॉझिट अजून जायचं होतं. एवढ्यावर निभावलेलं प्रकरण मी क्वचितच पाहिलं आहे. एरवी पैसे घेणारा थंबपर्यंत येतच नाही. मी वेळ ठरवून पोचते, भाडेकरू सामानासकट दारात उभा असतो आणि समोरचा फोन बंद लागतो.

गुरुजींना कायद्याची माहिती होती असं नाही. त्यांनी तीन ठिकाणची तीन नावं एकमेकांशेजारी ठेवली: लाइट बिल कोणाचं, पैसे कोणाच्या खात्यात, अंगठा कोणाचा. हे कोणालाही जमण्यासारखं आहे. महावितरणच्या बिलावर ग्राहकाचं नाव आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. मालमत्ता कराच्या पावतीवर मिळकतधारकाचं नाव असतं, आणि पुणे काय किंवा पिंपरी-चिंचवड काय, ते महापालिकेच्या संकेतस्थळावर बघता येतं. सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल सभासदाच्या नावाने निघतं. या सगळ्यांत भक्कम कागद म्हणजे खरेदीखताची सूची क्रमांक दोन, बोलताना सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात तो. घर कोणी, कोणाकडून, कधी घेतलं हे त्यावर असतं, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये शोधताही येतो. पैसे पाठवताना ॲपवर खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. मी मुलांना आधी एक रुपया पाठवायला सांगते आणि ते नाव मोठ्याने वाचायला लावते.

इंडेक्स टू मागायला मुलांना संकोच वाटतो. आपण मालकावर अविश्वास दाखवतोय, घर हातचं जाईल, अशी धास्ती असते. माझा अनुभव असा की खरा मालक फारसा बिघडत नाही. कोणी खरेदीची रक्कम झाकून पाठवतो, कोणी घरी बोलावून दाखवतो. तो तुमचं आधार, पॅन, कंपनीचं पत्र मागून घेतोच ना? मग मागणं दोन्हीकडून झालं तर त्यात अपमान कसला?

नावं जुळली नाहीत म्हणजे लगेच लबाडी, असंही समजू नये. वडील जाऊन वर्षं लोटली तरी लाइट बिल त्यांच्याच नावाने येत राहतं. नव्या इमारतीत मीटर अजून बिल्डरच्या नावावर असतो. मुलगा अमेरिकेत, घर त्याचं, आणि कारभार इथे आईवडिलांकडे, हे तर घरोघरी. अशा प्रत्येक शंकेला उत्तर देणारा कागद असतो. कुलमुखत्यारपत्र असेल तर ते नुसतं हातात घेऊन उपयोग नाही. त्यात घर भाड्याने देण्याचा, करार नोंदवण्याचा आणि डिपॉझिट घेण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का ते बघायचं, आणि परदेशातल्या मालकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलून घ्यायचं. आईवडिलांना यात काही वावगं वाटत नाही, उलट मुलाशी बोलणं होतं म्हणून ते खूश असतात. कागद नाही आणि घाई मात्र आहे, असं जिथे दिसेल तिथून उठावं.

त्या मुलीला निदान घर तरी आतून दिसलं होतं. गावी बसून मोबाइलवर घर शोधणाऱ्यांची गाठ दुसऱ्याच लोकांशी पडते. कोथरूडमधला टू बीएचके, फोटो सुरेख, भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा पाच-सात हजारांनी कमी. फोन केला की समजतं, मालक सैन्यात आहेत, अचानक बदली झाली आहे. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्र येतं. गणवेशावर आपल्या लोकांची श्रद्धा आहे आणि हे लोक तिचाच गैरफायदा घेतात. ते फोटो आणि ती ओळखपत्रं खोटी तरी असतात किंवा दुसऱ्याची चोरलेली. मग सांगतात, घर बघायला सोसायटीचा गेट पास काढावा लागेल, दोन-अडीच हजार भरा, भाड्यात वळते होतील. ते भरले की व्हेरिफिकेशन फी. ती भरली की एका महिन्याचं आगाऊ भाडं, कारण “दुसरी पार्टी तयार आहे”. रक्कम दर वेळी थोडी वाढते आणि आधीचे पैसे सुटावेत म्हणून माणूस पुढचे घालत जातो. घर नुसतं बघण्यासाठी ऑनलाइन पैसे घेणारी सोसायटी माझ्या तरी बघण्यात नाही.

असेच फोन घरमालकांनाही येतात. “तुमचा फ्लॅट पसंत आहे, डिपॉझिट पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.” निवृत्त काकांचे पैसे यात गेलेले मी पाहिले आहेत. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घेताना तो कधीच लागत नाही, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून सांगायला हवं.

लांबून घर ठरवणाऱ्यांना मी एकच अट घालते: स्वतः, किंवा आपल्या ओळखीच्या माणसाने, त्या घरात पाय ठेवल्याशिवाय रुपयाही द्यायचा नाही. पुण्यात गावचं कोणीतरी असतंच, भावकीतलं, शाळेतलं, नाहीतर वडिलांच्या ऑफिसातलं. त्याला एक संध्याकाळ मागावी. टोकन मात्र बऱ्याचदा द्यावंच लागतं, हे मला माहीत आहे; जूनमध्ये चांगलं घर सकाळी बघितलं तर संध्याकाळी उरत नाही. ते लहान ठेवावं, मालकाच्याच खात्यात टाकावं, आणि कोणता फ्लॅट, किती भाडं, किती डिपॉझिट, कोणत्या तारखेला ताबा, करार झाला नाही तर टोकन परत, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून मालकाकडून ‘हो’ घ्यावं. एजंटला सुरुवातीलाच आधारची पूर्ण प्रत देऊ नये. शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, घरं बघण्याच्या काळात तेवढं पुरतं. पूर्ण क्रमांक लागतो तो नोंदणीच्या वेळी.

आता अकरा महिन्यांच्या कराराबद्दल. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी केली की झालं,’ हे वाक्य मी एजंटांकडून, मालकांकडून, अगदी शिकल्यासवरल्या भाडेकरूंकडूनही ऐकते. याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणी सक्तीची केली, म्हणून देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्राला मात्र स्वतःचा कायदा आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरारसुद्धा लेखी आणि नोंदलेलाच असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. शिवाय असा लेखी, नोंदलेला करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं पाडण्याचा भार मालकावर येतो. म्हणजे नोटरीवर भागवून मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो. भाडेकरूने मात्र या तरतुदीच्या भरवशावर राहू नये. कोर्टापर्यंत जाऊन ती वापरायला नव्या नोकरीतल्या मुलाकडे ना वेळ असतो ना पैसा, आणि नोंदलेला करार त्याला पत्त्याचा पुरावा म्हणून रोज लागतो.

खर्चाचा बाऊ केला जातो तोही विनाकारण. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेल्या रकमेवर, दोन्ही मिळून ०.२५ टक्के. बावीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांसाठी हे सव्वासहाशेच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. वर आमच्यासारख्यांची फी आणि किरकोळ हाताळणी शुल्क. सरकारी पैसे भरल्याचं चलन निघतं, ते मागून घ्यावं. पुण्यात बहुतेक जण हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतात. नोंदणीसाठी कोणी दहा-पंधरा हजार सांगत असेल तर त्याला हिशेब विचारावा.

मसुद्याविषयी मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण तिथे नुकसान होतं आणि ते कोणाच्या लबाडीमुळे होत नाही. कर्वेनगरात एका काकूंच्या घरी थंब होता. काकू एकट्या, वरचा मजला भाड्याने देतात. मुलं दोन, एक अकोल्याचा, एक जळगावचा, दोघंही ट्रेनिंगवर. काकूंचा अंगठा यंत्र घेईना. वय झालं की बोटांच्या रेषा पुसट होतात, आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या हातांच्या तर जास्तच. मी त्यांना ओल्या रुमालाने बोटं पुसायला सांगितलं, मग तर्जनी, मग मधलं बोट असं करत बसलो. तेवढ्या वेळात मी मसुदा मोठ्याने वाचायला घेतला. लॉक-इन अकरा महिने. त्याआधी घर सोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त.

अकोल्याचा मुलगा एकदम सरळ बसला. ट्रेनिंग संपल्यावर कंपनी त्याला बेंगळुरूला पाठवण्याची शक्यता होती. तो काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, “हे कोणी लिहिलं? मी असं कुठे म्हटलं होतं? तीन महिने तरी राहा, एवढंच म्हणाले होते मी.” एजंटने आपल्या जुन्या मसुद्यात नुसती नावं आणि आकडे बदलले होते. ते कलम कुठल्यातरी दुसऱ्या घराचं होतं. मी तिथेच दुरुस्ती केली: लॉक-इन तीन महिने, दोघांनाही बंधनकारक, त्यानंतर कोणीही एका महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकेल. मध्यमा जुळली, थंब झाला. त्या दिवशी काकूंचं बोट पहिल्या फटक्यात जुळलं असतं तर ते कलम तसंच नोंदलं गेलं असतं, आणि सहा महिन्यांनी काकू आणि तो मुलगा एकमेकांचे वैरी झाले असते.

अशी जुनी कलमं मला वरचेवर सापडतात. लॉक-इन फक्त भाडेकरूला, मालक मात्र केव्हाही घर खाली करायला सांगू शकतो. ‘रंगकाम, सफाई व दुरुस्तीचा खर्च वजा जाता’ डिपॉझिट परत. खर्च किती, ठरवणार कोण, याचा पत्ता नाही. डिपॉझिट परत देण्याची मुदतच लिहिलेली नाही, किंवा लिहिली तर घर सोडल्यावर पंचेचाळीस दिवसांनी. मुलाला पुढच्या घराचं डिपॉझिट त्याच पैशातून भरायचं असतं. मी सुचवते, चावी परत देताना हिशेब आणि त्याच वेळी रक्कम. रंगकामाचं कापायचं असेल तर आकडा आत्ताच लिहा. मालकांना हे पटतं. वाद आकड्यामुळे कमी होतात, त्यांनाही ते नकोच असतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच डिपॉझिट घेण्याची मर्यादा आहे. मुलं मला ते मोबाइलवर काढून दाखवतात. पण तो कायदा राज्याने स्वीकारल्याखेरीज त्या राज्यात लागू होत नाही. इथे कराराच्या कागदावर असेल ती रक्कम खरी.

कागदाचं वजन किती असतं हे सांगितलं पाहिजे. त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. म्हणून “पार्किंग आपलंच आहे, बोलून ठेवलंय”, “सोफा मी पुढच्या आठवड्यात पाठवतो”, “गीझर बदलून देतो, काळजी करू नका” या शब्दांना थंब झाल्यावर फारसा अर्थ उरत नाही. बोललं गेलं असेल तर लिहायला हरकत नसावी. गीझर, पंखे, कपाटं, पडदे, चाव्या किती, ही यादी जोडता येते. पहिल्या दिवशी मीटरचं रीडिंग, भिंतींवरची ओल, तडकलेली फरशी यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. फोटोवर तारीख असते आणि अकरा महिन्यांनंतर माणसाच्या आठवणीपेक्षा ती जास्त कामाला येते.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मुलांचं लक्षच नसतं. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर घर ताब्यात ठेवलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. “राहा रे अजून दोन महिने, करार काय होईल सावकाश,” असं मालक प्रेमाने म्हणतो तेव्हा ते मनापासूनच असतं. पुढे बिनसलं तर कागदावर मुदत संपल्याची तारीख तेवढी शिल्लक राहते. दोन महिने राहायचं असेल तर दोन महिन्यांचा करार करा. खर्च वर सांगितला तेवढाच.

मुंबईकडे हेवी डिपॉझिटचा प्रकार चालतो. पाच-दहा लाख एकदम द्यायचे, भाडं नाममात्र किंवा अजिबात नाही, घर सोडताना पूर्ण रक्कम परत. पगार बेताचा पण गाठीला थोडी रक्कम असलेल्या कुटुंबांना हे सोयीचं वाटतं. धोका असा की मधला माणूस मालकाकडून घर साध्या महिनेवारी भाड्याने घेतो, तेच तुम्हाला हेवीवर देतो, काही महिने मालकाचं भाडं नियमित भरतो आणि मग गायब होतो. मालकाला तुमच्या लाखांची खबर नसते. घरावर कर्ज थकलेलं असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ताबा घ्यायला येते, आणि तुमचे पैसे मालकाकडून वसूल करण्यासाठी वेगळी लढाई लढावी लागते. घर गहाण आहे का हे सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत थोडं शुल्क भरून शोधता येतं. माझं स्वच्छ मत आहे: पहिल्यांदा भाड्याने घर घेणाऱ्याने हेवी डिपॉझिटच्या वाटेला जाऊ नये. आयुष्यभराची शिल्लक दुसऱ्याच्या सचोटीवर ठेवण्याइतकं काहीही त्यात वाचत नाही.

पैसे गेलेच तर लाजेपायी गप्प बसू नये. मुलं हे आईवडिलांनाही सांगत नाहीत, हे मला सगळ्यांत वाईट वाटतं. ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. बँकेलाही त्याच वेळी कळवायचं. मालक खरा आहे पण डिपॉझिट अडवून बसला आहे, हे मात्र वेगळं प्रकरण. पोलीस ठाण्यात “हा दिवाणी वाद आहे” असं सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. तिथे वकिलाची नोटीस, आणि हातात असलेला करार, फोटो, बँकेची नोंद एवढ्याच गोष्टी उपयोगी पडतात. रोखीने दिलेल्या डिपॉझिटची नोंद करारात नसेल तर बोलायलाच जागा राहत नाही.

घरभाड्याने गुजराण करणारे, भाडेकरूच्या डब्याची चौकशी करणारे, ताप आला तर दवाखान्यात नेणारे मालक मी पुष्कळ पाहते. हे सगळं लिहिलं म्हणून त्यांच्याकडे संशयाने बघू नका. त्यांच्याकडे कागद मागा, ते देतील.

आणि माझ्यासारखं कोणी थंब घ्यायला तुमच्या दारात आलं तर मसुदा आदल्या रात्रीच मागवून ठेवा, टेबलावर पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावा. ताईला पुढे जायचंय, एजंट घाई करतोय, मालक ताटकळलेत, यातल्या कशाचाही विचार करू नका. ती पंधरा मिनिटं आमच्या फीमध्ये धरलेली असतात.